आप्पांचा अठरावा बार

बोगद्यातलं डबर डंपरनं बाहेर काढता येतं, किस्से मात्र आतच साचत राहतात. कासुर्डीजवळच्या डोंगरात पाण्यासाठी बोगदा पाडायचं काम होतं, तिथं मी तीन वर्षं ड्रिल मशीनवर होतो. माझ्याकडे साचलेले निम्मे किस्से एकट्या आप्पांचे. आप्पा म्हणजे आमचे ब्लास्टर, आणि आता माझे सासरे. हे दुसरं नातं कसं जमलं, तेच सांगतो.

* * *

आम्ही दगडात भोकं पाडायची, आप्पांनी स्फोटकं भरायची. तीन भोंगे झाले की सगळे लांब. मग एकामागून एक अठरा बार उडायचे आणि आप्पा डोळे मिटून बोटांवर मोजायचे.

एकदा आप्पांची मोजणी सतरावरच थांबली. "एक राह्यलाय. अर्धा तास कुणी आत जायचं न्हाई."

नवा इंजिनिअर घड्याळ बघत म्हणाला, "आप्पा, मोजण्यात चूक झाली असेल."

"साहेब, बापाची दीडशे मेंढरं मोजत मोठा झालो. ती तर हालत हुती."

अर्ध्या तासानं आत गेलो, तर कोपऱ्यातलं एक भोक भरलेलं तसंच. त्या दिवसापासून इंजिनिअर आप्पांचा चहा स्वतः आणून द्यायला लागला.

* * *

पुण्याहून एक साहेब तपासणीला आले. टॉर्च मारून म्हणाले, "ही मधली चार भोकं रिकामी कशी? भरायची विसरलात काय?"

"मुद्दाम ठेवलीत," आप्पा म्हणाले. "भरल्या एसटीत कुणी सरकतंय का? मधी मोकळं असलं तरच दगूड सरकतो."

महिन्यानं साहेब त्यांच्या वरच्या साहेबांना घेऊन आले आणि तेच इंग्रजीत मोठ्या ऐटीत समजावलं. एसटीच्या जागी फक्त मेट्रो घातली होती.

* * *

आप्पांच्या घरी मी अधूनमधून जेवायला जायचो. खरं तर सारिकाला बघायला. सारिका त्यांची मुलगी, रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीत होती.

एकदा कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी येईना. आप्पा उठून स्वयंपाकघराच्या दारात हात पसरून उभे.

"तिसरी झाल्याबिगर कुणी आत जायचं न्हाई."

काकू म्हणाल्या, "अवो, गॅस संपलाय. तिसरी आता सिलिंडर आल्यावरच हुईल."

आप्पांनी तरी अर्धा तास धरलाच. आम्ही ओसरीवर चिवडा खाल्ला.

* * *

शेवटी धीर केला. बार उडाले होते, धूर निघायची वाट बघत दोघंच बसलो होतो.

"आप्पा, सारिकाला मागणी घालायची हाय."

आप्पांनी धुराकडे बघितलं. मग म्हणाले, "आज भोकं किती पाडलीस?"

"बावीस. अठरा भरायची, चार मोकळी."

"मोजली का अंदाजे?"

खोटं बोलवेना. "रोज बावीसच असत्यात, म्हणून..."

"म्हंजी अंदाजे. मंग मी बी अंदाजे व्हय म्हणतो."

पत्रिका छापल्या, हळद लागली, तरी होकार आपला अंदाजेच!

* * *

लग्न दौंडला, मुहूर्त बारा पस्तीसचा. आप्पांचा मान म्हणून आमच्या गँगनं मांडवाच्या दाराबाहेर अठरा सुतळी बॉम्ब लावले. मी घोड्यावर. बॉम्ब फुटायला लागले आणि दारात उभ्या आप्पांचे डोळे मिटले. धूर विरला तसा त्यांनी हात वर केला.

"थांबा. सतराच झाले. नवरदेवाला मागं घ्या, अर्धा तास कुणी पुढं यायचं न्हाई."

वऱ्हाड पन्नास पावलं मागं सरकलं. भटजी मात्र हटेनात. दारापाशीच खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या. जावई टळायला नको."

माझे मामा वैतागले. "आवो आप्पा, सतराच लावले असतील."

आप्पांनी लांबून मला विचारलं, "किती लावले हुते?"

"अठरा."

"अंदाजे?"

"न्हाई आप्पा. घोड्यावर बसायच्या आधी जाऊन मोजलेत."

मांडवातून सारिकाचा मेसेज आला, 'हलू नकोस. पप्पा कधी चुकत नाहीत.' उन्हात फेटा भिजला, घोडं पेंगलं, बँडवाल्यांनी तेवढ्यात जेवून घेतलं.

अर्धा तास भरल्यावर आप्पा पाण्याची बादली घेऊन वाकून वाकून शोधत निघाले. भटजींपाशी थांबले. खुर्चीखाली बघितलं आणि अख्खी बादली रिकामी केली.

"अठरा," आप्पा म्हणाले.

मग ओलेचिंब भटजी मांडवाकडे पळत असताना ते माझ्या घोड्यापाशी आले आणि लगाम हातात घेतला.

"चला जावईबापू. आता मोजून व्हय म्हणतो."