वहिनींच्या दाताखालची फट

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या माणसाला कोणी नावाने हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. पोस्टमनसुद्धा जिन्यातूनच 'कवळीमास्तर' म्हणून पुकारा करतो. मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. ते दात बनवतात. दातांचे डॉक्टर माणसांच्या तोंडांची मापं घेऊन पाठवतात, आणि मास्तर घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसून प्लास्टर, मेण आणि अ‍ॅक्रिलिकमधून एकेक बत्तिशी उभी करतात. चौतीस वर्षं हाच धंदा. इथले निम्मे म्हातारे मास्तरांच्या दातांनी हसतात आणि उरलेले निम्मे त्याच दातांनी भांडतात, असं मी म्हणायचो. त्यावर मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे की तुम्ही ज्या वेगाने लोकांची उणीदुणी काढता, त्या वेगाने तुमचे दात झिजणार, मी साचा आत्ताच घेऊन ठेवतो.

माणूस विलक्षण. चेहरे म्हणून लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कोणी ओळख दाखवली की बावचळून उभे. समोरचा हसला की मग ट्यूब पेटणार, आणि तीही भलतीच. बँकेतल्या साहेबांना चारचौघांत म्हणाले, "अरे हो हो, वरचा सुळा फिरलेला, तेच ना तुम्ही?" भुवयांत कायम प्लास्टरची भुकटी. फडताळात साच्यांच्या रांगा, प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. त्यांच्या खोलीत बसलं की शे-दोनशे जबडे आपल्याकडे आ वासून बघताहेत असं वाटतं. मी तिथे रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. एवढी माणसं समोर, आणि एकही मधे बोलणार नाही. मला आणखी काय हवं?

मूलबाळ नाही. घरात दोघंच, मास्तर आणि वहिनी. वहिनींबद्दल सांगायचं तर त्यांच्या हसण्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण त्या दिसायच्या आधी ते ऐकू यायचं. वरच्या मजल्यावरचं तान्हं बाळ त्याने दचकून उठायचं. त्याची आई तावातावाने रागवायला खाली यायची आणि तासभर बसून, पोट धरून परत जायची. तोंडावर हात नाही, पदर नाही, मान मागे टाकून सगळी बत्तिशी दाखवत हसायचं. मास्तर तक्रार करायचे की हिच्यामुळे माझा हात हलतो, मेणाचा दात वाकडा होतो, एक दिवस मी मधलं दार लावून घेणार आहे. ते दार लावलेलं मी एकदाही पाहिलं नाही.

तर अशा वहिनी एका सकाळी जिन्यात घसरल्या आणि कठड्यावर तोंड आपटून घेतलं. वरचा, अगदी पुढचा दात मुळापासून तडकला. काढण्याशिवाय इलाज नव्हता.

मास्तर ज्यांचं काम करायचे त्यांत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. वहिनींना तिथे न्यायचं ठरलं. माझी गाडी असल्यामुळे आणि नाक खुपसायची सवय असल्यामुळे मीही होतोच. डॉक्टरीणबाईंनी दात काढायच्या आधी नीट समजावलं. दात गेला की त्याच्या भोवतीच्या हाडाला काम उरत नाही, ते झिजत जातं. पुढच्या दाताबाहेरचं हाड तर मुळातच कागदासारखं पातळ, वर्षभरात निम्मी जाडी जाते. मग पक्का दात बसवायचा स्क्रू रोवायचा कशात? म्हणून त्या खड्ड्यात त्या एक तुकडा ठेवणार होत्या, पेन्सिलीच्या टोकाएवढा, स्पंजासारखा भोकाभोकांचा. इमारतीला परांची बांधतात तशीच ही आतली परांची. तिच्या आधाराने नवं हाड चढत जातं. फरक एवढाच की ही सोडवून न्यायला कोणी यावं लागत नाही. विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचा माल, हाड भरता भरता आपणच विरून जातो. सगळं हाड वाचेल असं नाही, पण बरंच वाचेल. साडेचार महिने थांबायचं, मग पक्का दात.

मास्तर लहान पोरासारखे ऐकत होते. त्यांना हाडाचं झिजणं माझ्या-तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक. घरी आल्यावर त्यांनी फडताळातून एकाच म्हातारीचे तीन साचे काढून ओळीने मांडले, दर दोन वर्षांचा एक. पहिला भरदार, दुसरा उतरलेला, तिसरा पार सपाट. म्हणाले, चौतीस वर्षं मी हे नुसतं बघत आलो, याला काही इलाज असेल असं डोक्यातच आलं नाही. तुकडा चिमटीत धरायला मिळाला असता तर बरं झालं असतं असंही म्हणाले. मी म्हटलं, बायकोच्या तोंडात आहे, मागून बघा. वहिनींना टाके दुखेपर्यंत हसू आलं आणि मला आमच्या हिच्याकडून बोलणी बसली.

मधल्या साडेचार महिन्यांसाठी काढता-घालता येईल असा तात्पुरता दात हवा होता, टाळूला चिकटणाऱ्या गुलाबी पट्टीवर बसवलेला. तो अर्थात मास्तरांनीच करायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की हा दात हिरडीला टेकता कामा नये. खाली फट ठेवा. आतला तुकडा कच्चा आहे, वरून दाब आला तर परांचीसकट सगळं बसेल.

मास्तरांनी चार दिवस दुसऱ्या कुणाचं काम हातात घेतलं नाही. वहिनींच्या खऱ्या दातावर एक बारीक पिवळसर रेघ होती, ती रेघसुद्धा उठवली. आणि सांगितल्याप्रमाणे फट ठेवली. दात असा झाला की शेजारच्या दाताला आपला भाऊ परत आला असं वाटावं. फक्त वहिनी खळखळून हसल्या की ओठ वर जायचा आणि दाताखाली काळ्या दोऱ्यासारखी रेघ दिसायची.

आता ती रेघ कोणाला दिसावी? मलाच. तिसऱ्या आठवड्यात जिन्यात वहिनी भेटल्या, कशावरून तरी हसल्या, आणि मी बोलून गेलो, "वहिनी, दाराखालून उजेड येतोय हो."

त्या हसल्या. माझ्या विनोदाला त्या नाही हसल्या असं कधी झालंच नव्हतं. पण हसता हसता त्यांचा हात वर आला आणि ओठांवर बसला. तो हात मग खाली आला नाही. त्या दिवसापासून वहिनी हात धरून हसायला लागल्या, पुढे नुसत्या ओठांतल्या ओठांत, आणि महिना संपायच्या आत वरचं बाळ दुपारभर स्वस्थ झोपू लागलं. मी जीभ चावली, दहा वेळा माफी मागितली. त्या म्हणाल्या की तुमच्या बोलण्याचं कोण मनावर घेतं. मास्तर त्या वेळी टेबलावरून मान वर करून त्यांच्याकडे बघत होते.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी त्यांच्या खोलीत बसलो होतो. मास्तरांनी वहिनींचा साचा पुढे ओढला आणि बारीक पात्याने गेलेल्या दाताच्या जागचं प्लास्टर खरवडायला सुरुवात केली. अगदी थोडं, नखावर मावेल एवढी भुकटी. मी विचारलं काय चाललंय. म्हणाले, जरा बसवतोय. दात बनवणारे हे नेहमीच करतात. साचा किंचित खरवडायचा, म्हणजे त्यावर घडवलेला दात खऱ्या हिरडीत किंचित रुततो आणि तिथूनच उगवल्यासारखा दिसतो. मास्तरांच्या हिशेबी हिरडीवर न टेकलेला दात म्हणजे वाया गेलेला दात. चौतीस वर्षांचा हात होता तो. साडेचार महिन्यांच्या सूचनेला त्या हाताने पाच आठवडे मान दिला, हेच खूप झालं. त्यांनी दाताखाली थोडं गुलाबी अ‍ॅक्रिलिक चढवलं, घासलं, चकचकीत केलं. डॉक्टरीणबाईंना कळवलं नाही. वहिनींना म्हणाले, पट्टी नुसती धुऊन पुसून दिली आहे. मी तिथेच बसून कोणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी फट गेली होती. आठवड्याभरात हात खाली आला. मग एका दुपारी ते जुनं हसू जिन्यात घुमलं आणि वरचं बाळ भोकाड पसरून उठलं. मास्तर कामावरून उठून दारात येऊन उभे राहिले. लग्नात दिसला नसेल इतका तो माणूस त्या दिवशी देखणा दिसला.

दुसऱ्या महिन्यातली तपासणी वहिनींनी सर्दी झाली म्हणून टाळली. फोनवर सगळं छान आहे म्हणाल्या.

साडेचार महिन्यांनी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि हिरडी बघितली. हाडाचा फोटो काढला. पडद्यावर मलासुद्धा कळलं. जिथे हाड भरायचं होतं तिथे बशीसारखा खळगा होता. बाहेरची पातळ भिंत आत कोसळलेली. परांची हाड चढायच्या आधीच चेपली गेली होती. त्यांनी विचारलं की इथे दाब कसा आला? पट्टीचं काही झालं का?

मास्तरांनी तोंड उघडलं. ते काही बोलायच्या आधीच वहिनी बोलल्या.

"माझीच चूक. सफरचंद खाल्लं मी. चांगलं पुढच्या दातांनी तोडून, रोज."

डॉक्टरीणबाई चिडल्या. काकू, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं, म्हणाल्या. पुढचे कागदही त्यांनी रागातच लिहिले. वहिनी शाळकरी मुलीसारखी मान खाली घालून ऐकून घेत होत्या. मास्तर पडद्याकडे बघत होते, त्यांचं तोंड पुन्हा मिटलं होतं. आता हनुवटीतलं हाड काढून तिथे भरावं लागेल, मोठं काम आहे, पण होईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. वहिनी नको म्हणाल्या. एकदम, विचारही न करता. परतीच्या वाटेवर सिग्नल सुटला तरी मी तसाच थांबलो होतो. वहिनींनी मागून सांगितलं तेव्हा गाडी हलली.

मास्तर यावर माझ्याशी पुढे केव्हातरी बोलले, साचा पुसत पुसत, माझ्याकडे न बघता. तिने सफरचंद खाल्लंच नव्हतं, म्हणाले. बाजार मी आणतो. त्या चार महिन्यांत घरात सफरचंद आलंच नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. ठाऊक होतं हे मलाही ठाऊक आहे. पण आम्ही दोघं त्यावर बोललेलो नाही. मी म्हटलं, मग बोला की. म्हणाले, बोलायचंय, उद्या बोलतो. पंधरवड्याने मी पुन्हा टोचलं, तेव्हाही उद्याच होतं. दरम्यान त्यांनी नवी पट्टी केली. खाली हिरडी खचलेली, त्यामुळे दात शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसायचा. वहिनी तो लावून बेतानेच हसायच्या.

असे दहा महिने गेले. मग थंडीत वहिनींना ताप आला, छाती भरली, आणि आठव्या दिवशी त्या रुग्णालयातच गेल्या. मास्तर जवळ होते. बोलण्यासारखी अवस्था वहिनींची शेवटचे तीन दिवस नव्हतीच.

त्यानंतर महिनाभर समोरचं दार बंद. मी रोज टकटक करायचो, रोज एखादा जुनापाना विनोद घेऊन जायचो आणि तसाच परत आणायचो. आमची ही डबा ठेवून यायची. एका सकाळी मास्तर स्वतःच माझ्या दारात आले, दाढी करून, भुवया पुसून. म्हणाले, मला त्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चला. तिने खोटं सांगितलं ते तसंच राहिलंय. त्या बाईंच्या कागदात अजून तिचीच चूक लिहिलेली आहे.

दवाखान्यात पेशंट नव्हता. मास्तर खुर्चीत बसले नाहीत. उभ्याउभ्याच सांगून मोकळे झाले, साचा खरवडला, अ‍ॅक्रिलिक चढवलं, फट बुजवली, आणि तुम्ही तिला बोलत होता तेव्हा मी गप्प उभा राहिलो.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढून ठेवले.

"काका, मला माहीत आहे. मी रागावले त्याच संध्याकाळी काकूंनी फोन करून सगळं खरं सांगितलं होतं. पट्टी तोंडात घातल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं होतं."

डॉक्टरीणबाई हळूहळू सांगत गेल्या. कागदात मी ते तेव्हाच बदललं. पण काकूंनी माझ्याकडून वचन घेतलं होतं की तुम्हाला काही बोलायचं नाही. ह्यांना बोललात तर ह्यांचा हात थरथरायला लागेल आणि ह्यांना दुसरं काही येत नाही, म्हणाल्या. पुन्हा ऑपरेशन का नको म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या की परत साडेचार महिने ते माझ्या तोंडाकडेच बघत बसतील, जेवायचे नाहीत धड.

मास्तरांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. आता ते वहिनींबद्दल काही बोलतील, किंवा रडतील, असं मला वाटलं. त्यांनी कामाचा प्रश्न विचारला, एखाद्या पेशंटबद्दल विचारावा तसा.

"दुखत असणार ना तिला? रुतलेला दात, खाली कच्ची जखम."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"हो काका," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. हसताना सगळ्यात जास्त, असं त्या म्हणाल्या होत्या."