धोंडबाचा भोंगा

बहिणीच्या नवऱ्यासाठी शालिकरामने राजदूतवर भोंगा बसवला तो अगदी जीव लावून. साल अठ्ठ्याहत्तर असावं. या मेहुण्याला, धोंडबाला, पारशिवनीकडच्या एका टुरिंग टॉकीजच्या जाहिरातीचं काम मिळालं होतं. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचं आणि आज कोणता खेळ आहे ते माइकवर सांगायचं.

शालिकरामचं इंदोऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. राजदूतच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर ॲम्प्लिफायर चालेना, म्हणून त्याने कॅरिअरवर लोखंडी पेटी ठोकून तिच्यात बारा व्होल्टची वेगळी बॅटरी ठेवली. गाडी सुरू केली की प्लगची टर्रटर्र भोंग्यातून बाहेर पडायची. मग माइकला जाळीची वायर लावून ती इंजिनपासून लांब फिरवली. माइक सीटी मारू लागला, तेव्हा भोंगा पुढे सरकवून त्याचं तोंड रस्त्याकडे केलं. आवाज घुमत होता, तो खर्ज कमी करून मोकळा केला. शेवटी प्रेमलताला, म्हणजे बहिणीला, गल्लीच्या टोकाला उभं केलं.

"शब्द समजून राहिले का वं?"

"सगळे समजते," ती तिथूनच ओरडली.

वर्षभरात प्रेमलता माहेरी परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही. दंडावरचे चटके वहिनीला दिसले, तेवढंच.

मग एका दुपारी धोंडबा राजदूत घेऊन गल्लीत शिरला. बाया नळावर होत्या, त्यांच्यात प्रेमलताही होती. धोंडबाने माइक तोंडाशी धरला.

"इंदोऱ्याच्या लोकहो, ऐका. शालिकरामची बहीण नवऱ्याले सोडून पळून आली. कोणासाठी पळून आली, ते तिच्या भावाले विचारा."

सिनेमाची जाहिरात करावी तसं तो तेच तेच सांगत गल्लीत फिरत राहिला. दुकानात बसलेल्या शालिकरामला एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं. पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते हेच, की हा आवाज आपण लावून दिलाय. त्याने हातातलं काम टाकलं आणि पकड घेऊन तो रस्त्यावर आला.

गाडीसमोर उभं राहून त्याने किल्ली काढली आणि वायरी तोडल्या. धोंडबाने त्याची कॉलर धरली. शालिकरामने त्याला नालीत ढकललं, भोंगा उपटला आणि दगडावर आपटून चेपून टाकला.

"माझ्या वस्तूले हात लावतं?" धोंडबा चिखलातून उठत म्हणाला.

"पुन्हा या गल्लीत दिसला, तर तुले हात लावीन."

लोक दारादारात उभे होते. कोणी मध्ये पडलं नाही. पण त्या दिवसापासून नळावर प्रेमलता आली की बोलणं थांबू लागलं. एकदा शेजारच्या अंजनाबाईने विचारलंच, "तो बोलला ते खरं काय वं?" प्रेमलताने हंडा खाली ठेवला, ब्लाउजची बाही वर सरकवली आणि दंड तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हे कोणासाठी झालं, ते तूच सांग," म्हणाली. अंजनाबाई पाणी न भरताच घरी गेली.

हिवाळ्यात धोंडबा पुन्हा आला, गाडी ढकलत. शालिकराम दुकानाबाहेर स्टुलावर बसून काम करत होता. नवा भोंगा त्याने खापरखेड्याच्या कोणाकडून तरी बसवून घेतला होता. बोलायला लागलं की नुसती सीटी आणि टर्रटर्र. टॉकीजवाला काम काढून घेणार होता.

"भाऊ, कोणालेच जमून नाही राहिलं," तो खाली मान घालून म्हणाला. "तेवढं लावून द्या."

"आधी याच माइकवर, याच गल्लीत सांग, तू खोटं बोलला होता म्हणून."

धोंडबाने दात आवळले. "बायकोची माफी मी मागू?"

तेवढ्यात प्रेमलता दुकानाच्या दारात आली. ती नवऱ्याशी नाही, भावाशी बोलली. "दादा, हात लावू नको. याचं बोलणं कोणाले समजत नाही, तेच बरं आहे. राहू दे तसंच."

शालिकरामने स्टूल आत घेतलं आणि दुकानाचं दार लावून घेतलं. धोंडबा बाहेर शिव्या देत उभा होता. मग गाडी ढकलत निघून गेला.

टॉकीजचं काम गेलंच. पुढे तो कळमन्याच्या बाजारात तोलाईवर लागला. प्रेमलताने शिवणाचं मशीन घेतलं, दुसऱ्या लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नाही. एकदा भावजयीबरोबर कळमन्याला गेली, तेव्हा तो समोरच आला.

"प्रेमलता," त्याने हाक मारली.

ती थांबली, तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला संत्र्यांचा भाव विचारला.