गेजवरचं कुंकू

भोसरीत निमिषशेठच्या वर्कशॉपमध्ये माल तपासायच्या टेबलाशी सोजराबाई बावीस वर्षं बसते. मोशीची बाई, चौथी पास, पण केसाएवढी चूक तिच्या नजरेतून सुटायची नाही. ऑपरेटर म्हणायचे, सासू परवडली, पण ही नको!

तिच्यापुढे यायचे स्टीलचे आकडे. कुठल्याशा परदेशी बेटावर म्हणे वारं कधी पडतच नाही. तिथल्या किनाऱ्यावर लोक फळीवर उभे राहतात, खोलीएवढा पतंग कमरेला अडकवतात आणि वारा त्यांना लाटांवरून पळवतो. पतंग आणि माणूस यांच्यामधे हा आकडा, आणि आकड्याच्या भोकात एक पिन. शेठनं मोबाईलवर दाखवलं तेव्हा सोजराबाई ओरडलीच, "अगं बया! वावटळ कमरंला बांधून हिंडत्यात व्हय?" मग महिनाभर अख्ख्या आळीला ऐकवत होती, "त्यो आकडा माझ्या हातून जातो बरं का!" स्वतः तिनं समुद्र पाहिलेला नव्हता.

भोक तपासायला तिच्याकडे बोटाएवढं गेज होतं, मापाचा स्टीलचा दांडा. त्याचं एक टोक भोकात जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. दुसरं गेलं की भोक सैल, माल बाद. एवढं सोपं.

घात झाला तो खंडेनवमीला. दरवर्षी मशिनींची, हत्यारांची पूजा शेठची आई करायची. यंदा त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून शेठच्या बायकोनं, सलोनीनं, ताट सरळ सोजराबाईच्या हातात दिलं. नवरा जाऊन सोळा वर्षं झाली होती. तेव्हापासून कुंकवाचं ताट कुणी तिच्यापुढं धरलं नव्हतं. "आवो, मी कशी?" म्हणाली, तर सलोनी म्हणाली, "तुम्हीच. टेबल तुमचं, गेज तुमचं." बाईनं ताट घेतलं. गेजच्या दोन्ही टोकांना तिनं ओल्या कुंकवाचं बोट लावलं आणि डोळे पुसले.

दसऱ्याची सुट्टी झाली, मशिनी सुरू झाल्या. सोजराबाईनं फडकं उचललं. गेजचं एक टोक पुसलं, कारण ते भोकात जाईना. दुसरं पुसायला हातच होईना. सोळा वर्षांनी लागलेलं कुंकू, आपल्याच हातानं पुसायचं? राहू दे की एक दिवस!

त्याच सकाळी ड्रिल मशीनवरचा पोरगा संघर्ष टेबलाशी येऊन म्हणाला होता, "मावशी, नवं ड्रिल लावलंय, भोक जरा सैल वाटतंय. नीट बघा."

"मी हाय न्हवं? जा तू."

कुंकवानं जाडावलेलं टोक एकाही भोकात गेलं नाही. सगळा माल पास. चार दिवसांत कुंकू आपसूक झडून गेलं.

फाल्गुनात गिऱ्हाइकाचं पत्र आलं. बेटावरची एक पोरगी उंच उडालेली असताना हवेतच पिन निसटली, पतंग सुटला आणि ती खडकावर आपटली. खांदा मोडला. शेठनं पत्रात दिलेली आकड्यावरची तारीख वाचून दाखवली. तारीख दसऱ्यानंतरचीच.

"संघर्ष, ड्रिल तूच लावलंस ना? उद्यापासून येऊ नकोस," शेठ म्हणाला.

संघर्षनं एकदा तिच्याकडे पाहिलं. 'मी मावशींना सांगितलं होतं,' एवढं म्हटलं असतं तरी सुटला असता. दोन लेकरांचा बाप, पण बोलला नाही. मुकाट डबा उचलायला गेला.

सोजराबाईनं हातातलं गेज खाली ठेवलं. बोलावं तर सगळे म्हणणार, विधवेच्या हाती कुंकू दिलं, भोगा आता! सलोनीलाही घरात ऐकून घ्यावं लागणार. न बोलावं तर या पोराचा संसार बुडणार. आणि तिकडं ती पोरगी! अगं सोजरा, एक फडकं फिरवायचं होतं गं तुला!

"शेठ, त्याला थांबवा," ती म्हणाली. "त्यानं मला सांगितलं व्हतं. मी गेजवरचं कुंकू पुसलं न्हाई. जाणून पुसलं न्हाई."

शेठनं पत्राची घडी घातली. मग पुटपुटला, "आई नकोच म्हणत होती." सलोनीनं मान खाली घातली. सोजराबाईला ठाऊक होतं, ते ताट आता परत आपल्याकडे येत नाही. तिला त्याचं वाईट वाटलं, आणि अशा वेळी ताटाचं वाईट वाटतंय याची लाजही वाटली.

संघर्षचा डबा टेबलावर परत आला. शेठनं बेटाकडे उत्तर लिहायला घेतलं.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

"तपासणीत चूक झाली, दिलगीर आहोत."

"माझं नाव लिवलं का?"

"नाव नसतं लिहायचं, मावशी. कंपनीची चूक म्हणायचं."

सोजराबाई तिथंच उभी राहिली. जायला सांगितलं तरी हलेना.

"मग त्या पोरीनं शिव्या द्यायच्या कुणाला?"