तेवीस गुंठे आणि वर एक तृतीयांश

१९९६ च्या मे महिन्यात मी देश सोडला त्या दिवशी आमची जीप आधी विमानतळाकडे गेलीच नाही. ती मुरबाडला, जमिनीचे दस्त नोंदवतात त्या कचेरीपुढे थांबली. टपावर माझ्या दोन बॅगा होत्या, आत आई, दादा, माझी दोन्ही मुलं आणि मी. यजमान चार महिने आधीच ऑकलंडला गेले होते.

वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं आणि सातबाऱ्यावर आमची तिघांची नावं लागली होती. शेत एकूण सत्तर गुंठे. म्हणजे माझे तेवीस गुंठे आणि वर एक तृतीयांश. ते मला दादाच्या नावे सोडून द्यायचे होते. आमच्या भागात हे असंच चालतं. बहीण हक्कसोडपत्रावर सही करते आणि भाऊ तिला त्याच दिवशी साडी घेतो. माझी साडी हिरवी होती, दादानं शहापूरहून आणलेली. कचेरीतल्या माणसानं विचारलं, "राजीखुशीनं देताय ना?" मी हो म्हटलं, आणि ते खरंच होतं. आई बाहेर येताना म्हणाली, "बरं झालं गो बाय. नाव ठेवलं अस्तंस त लोकांनी तोंडात शेण घातलं अस्तं."

मग आम्ही विमानतळावर गेलो.

तिकडे मी एका इस्पितळाच्या औषधभांडारात लागले. गोळ्यांची खोकी मोजायची, मुदत संपलेली बाजूला काढायची. एक खोकं कमी आलं तरी मी पूर्ण फळी पुन्हा मोजायची, सुपरवायझर हसायची. घर घेतलं, मॉर्गेज घेतलं, मुलं शाळेत तिथलं इंग्रजी बोलू लागली. २००४ साली आम्ही चौघांनी सिटिझनशिप घेतली. त्याचे अर्ज मी तीनदा वाचून भरले होते. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो हे मला माहीत होतं. त्याबरोबर आणखी काय जातं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. मधल्या काळात आई गेली, तिचा हिस्सा तिनं आधीच दादाच्या नावे केला होता.

२००७ मध्ये दादाचा फोन आला. गुडघे गेले होते, भाताच्या चिखलात उभं राहवत नव्हतं. त्याचा मुलगा कारखान्यात शिफ्टला जायचा. त्याला शेतीचं नाव नको होतं. मुंबईचे एक शेठ फार्महाऊससाठी सबंध सत्तर गुंठे मागत होते. "तुला विचारल्याबिगर नाय देनार," दादा म्हणाला. मी म्हटलं, "शेठ देतील तेच मी देते. मला दे." तो इतका खूश झाला की वहिनीला ओरडूनच सांगू लागला. मी तीन आठवड्यांची लीव्ह टाकली.

मुरबाडच्या वकिलांनी माझा पासपोर्ट पाहिला आणि मिटून परत दिला.

"ताई, तुम्हाला शेतजमीन घेता येणार नाही."

"माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे."

"कार्डावर या, राहा, फ्लॅट घ्या, बंगला घ्या. शेत नाही. परदेशी नागरिकाला नाही. आणि तो कायदा नसता तरी आपल्या राज्यात शेत घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. तुमच्या नावावर कुठं सातबारा आहे?"

"होता. अकरा वर्षांपूर्वी सोडला."

त्यांनी चष्मा काढला. "तेवढं नाव राहू दिलं असतंत, तर वारसानं आलेली म्हणून ती जमीन आज बाहेरच्या पासपोर्टावरही तुमची राहिली असती."

"मग बक्षीस म्हणून दिली भावानं तर?"

"तीही नाही."

मला राग कुणाचा आला, सांगते. शेठचा नाही. त्यांच्याकडे कुठल्याशा दूरच्या तालुक्यातला सातबारा होता, म्हणून ते शेतकरी. त्यांनी भाताचं रोप कधी हातात धरलं नसेल. मी लग्न होईपर्यंत दर साल याच खाचरांत लावणी केली, आणि मी शेतकरी नाही. राग आला तो माझाच. औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचणारी मी, स्वतःच्या हक्काचा कागद न वाचता सही करून आले होते.

गावात सगळ्यांना यात काहीच अवघड वाटत नव्हतं. शेजारचे काका म्हणाले, "भाच्याचं नाव टाक ना! कोन येतंय न्यूझीलंडहून बघायला?" भाचा म्हणाला, "आत्या, मी तुला कधी फसवीन काय?" नसतं फसवलं. पण पैसे माझे आणि नाव दुसऱ्याचं, असा कागद मी करणार नव्हते. काका भडकले. "येवढी सरळ ऱ्हायलीस म्हनून तं लटकलीस!"

दुसऱ्या दिवशी दादा एकटाच त्या वकिलांकडे जाऊन आला. ओटीवर टेकला, गुडघे दाबत म्हणाला, "एक वाट हाय. वारसानं तुला चालतं. मी मृत्युपत्र करतो, शेत तुझ्या नावानं. शेठला नाय सांगतो. फकस्त तुला मी मराची वाट बघाय लागंल." आणि स्वतःच मोठ्यानं हसला. वहिनी आतून ओरडली, "तोंडाला काय हाड हाय का नाय!"

मीही हसले. पण दादा चौपन्न वर्षांचा, मी सेहेचाळीस. आठ वर्षांचा फरक. पुरुष आमच्याकडे किती जगतात, वडील कितव्या वर्षी गेले, मी कधी रिटायर होणार, ही वजाबाकी माझ्या डोक्यात हसता हसताच होऊन गेली. उत्तरही आलं. ते आल्यावर मला दादाकडे बघवेना.

"नको," मी म्हटलं. "शेठला दे."

"पस्तावशील गो."

"दे सांगते ना. तुझे गुडघे करून घे त्यातून."

त्याला मी रागावले असं वाटलं. खरं कारण मी त्याला आजही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तुमच्यातल्या ज्या बहिणी माझ्यासारख्या बाहेर गेल्या किंवा जाणार आहेत, त्यांना एवढंच सांगते. भाऊ चांगला असेल तरी निघायच्या घाईत सही करू नका. आणि गावाकडच्या आयांनो, लोक काय बोलतील म्हणून लेकीचं नाव कमी करायला लावू नका. लोक तसेही बोलतात. मला म्हणाले, एवढी परदेशात गेली आणि बापाचं शेत राखता आलं नाही.

शेताला आता तारेचं कुंपण आहे. गावी गेले की मी तिकडे वळत नाही. दादा दोन्ही नव्या गुडघ्यांवर फाट्यापर्यंत घ्यायला येतो, माझी बॅग माझ्या हातून ओढून घेतो आणि पुढे चालू लागतो. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढं चालणं आहे. त्याची वर्षं मी मोजत नाही.