न पाडलेल्या खाचा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, सुनंदालाही नाही — आणि तिच्यापासून मी दुसरं काही लपवलेलं मला आठवत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता वय झालं, म्हणून... जाऊ दे. कारणं सांगत बसलो तर मूळ गोष्ट पुन्हा राहून जाईल. अशीच ती इतकी वर्षं राहिली.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. आम्ही अमेरिकेत शुगर लँडला राहत होतो आणि मी तासभर ड्राइव्ह करून एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात कामाला जायचो. काउंटीचं नाव सांगत नाही. ट्रॅफिक इंजिनियर होतो. मुलूख अगदी सपाट. कापूस, मका, ज्वारी — हो, ज्वारीच. पहिल्यांदा पाहिली तेव्हा वर्ध्याच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटून मी गाडी कडेला घेतली होती. शेतांमधून सरळ रेषेत जाणारे रस्ते आणि ते जिथे एकमेकांना काटकोनात छेदतात ते चौक. वळण नाही, चढ नाही, झाड नाही. समोरून येणारी गाडी कितीतरी वेळ नुसती दिसत राहते. आणि तरीही तिथे गाड्या एकमेकींवर आदळायच्या. भर दुपारी, लख्ख उन्हात, कोरड्या रस्त्यावर. कसं काय?

ऑफिसच्या भिंतीवर काउंटीचा नकाशा होता. अपघात झाला की त्या चौकात लाल टाचणी. माझा बॉस वॉल्टर तिथलाच, शेतकऱ्याच्या घरातला, कमी बोलणारा. तो एकदा नकाशासमोर कॉफीचा कप घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हे हलतं, बघ. एका चौकात आपण काही केलं की तिथून उठतं आणि दुसरीकडे जाऊन बसतं."

तो हसला नाही. आमच्याकडे अशाला चकवा म्हणतात. पण मी शिकलेला माणूस, संख्याशास्त्राचे कोर्स केलेला. मला ठाऊक होतं की हलत काहीच नाही. ताप सगळ्यात जास्त चढलेला असतो तेव्हा माणूस अंगारा लावतो. ताप उतरतो, तो उतरायचाच असतो, आणि श्रेय अंगाऱ्याला जातं. चौकांचंही तेच. एखाद्या चौकाचं फार वाईट वर्ष गेलं की पुढचं बहुतेक वेळा बरं जातं — कुणी काही करो न करो. आणि ज्या चौकाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, त्यातल्या एखाद्याची पाळी येते. हे मला नीट कळत होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढे जे केलं ते न कळून केलेलं नाही.

त्या वर्षी माझ्याच डोक्यातून एक योजना निघाली. रंबल स्ट्रिप. स्टॉपच्या, म्हणजे सक्तीने थांबायच्या, पाटीच्या बऱ्याच अलीकडे रस्त्यात आडव्या खाचा पाडायच्या. चाक वरून गेलं की घर्र असा आवाज होतो, गाडी थरथरते, डुलकी लागलेला माणूस दचकून ब्रेक मारतो. सिग्नल बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. मी नकाशावरचे सगळ्यात वाईट चौक निवडले. कंत्राटदाराच्या माणसांनी खाचा पाडल्या, कागद आले, फाइल झाली. वर्षभराने टाचण्या मोजल्या — जवळजवळ सगळ्या चौकांत अपघात उतरले होते. वॉल्टरने माझ्या पाठीवर हात ठेवला. काउंटीच्या बोर्डासमोर रिपोर्ट मांडायचा ठरला.

सगळ्यात जास्त फरक एका चौकात पडला होता. आदल्या वर्षी तिथे टाचण्यांची दाटी होती. या वर्षी एकही नाही. रिपोर्टच्या पहिल्या पानावर त्याच चौकाचा फोटो हवा, म्हणून मी कॅमेरा घेऊन गेलो.

तिथे खाचा नव्हत्या.

मी गाडीतून उतरून स्टॉपच्या पाटीपासून मागे चालत गेलो. मग पलीकडच्या बाजूने. मग पुन्हा पहिल्या बाजूने. खाली वाकून डांबरावर हात फिरवला — हात भाजला. रस्ता गुळगुळीत. कुणी त्याला कधी हातही लावलेला नव्हता. कंत्राटदाराचं मशीन त्या दिवशी बिघडलं होतं आणि मुकादमाने काम झाल्याची सही ठोकली होती, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की जिथे काहीच केलं नाही तोच चौक सगळ्यात शांत झालाय. आणि ती शांतता... कशी सांगू? चारी बाजूंना उघडी शेतं, वारा पडलेला, एक पक्षी नाही. आपल्याकडे कुणीतरी पाहतंय आणि आपण काय करतो याची वाट बघतंय, असं वाटलं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली. कोपऱ्यावरच्या शेतात आदल्या वर्षी मका होता, माणसापेक्षा उंच. या वर्षी कापूस होता, गुडघ्याएवढा. पलीकडच्या रस्त्यावरची गाडी लांबून दिसत होती. म्हणजे शांततेला तेही एक कारण असू शकत होतं. मी ते वहीत टिपलं. पुढे ते पान फाडलं.

चौकाजवळ एकच घर होतं. पांढरं, लाकडी, पुढे व्हरांडा. तिथे मिस ओपल राहायच्या. शाळेतून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या, ताठ. एकट्या. चौकात सिग्नल बसवावा म्हणून त्यांनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या होत्या; तो अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता. कुलकर्णी हे नाव त्यांना जमायचं नाही, म्हणून मला मिस्टर कूल म्हणायच्या. त्यांनी व्हरांड्यातून हाक मारली, बसवलं, बर्फाचा चहा दिला.

त्या माझे आभार मानत होत्या. पेपरात वाचलं, म्हणाल्या, इथे खाचा पाडल्याचं. आणि आता काय सांगू तुम्हाला — त्यांना त्या खाचांचा आवाज यायचा. दुपारी जेवायला बसलं की खिडकीतून स्पष्ट ऐकू येतो, म्हणाल्या, घर्र... आणि जिवाला बरं वाटतं.

तेवढ्यात एक गाडी आली. स्टॉपच्या पाटीशी थांबली, निघून गेली. टायरचा हलका आवाज, बाकी काही नाही. मिस ओपलनी बोट वर केलं.

"ऐकलंत?" त्यांनी विचारलं.

मी रस्त्याकडे पाहत होतो. तो गुळगुळीत रस्ता मला तिथून दिसत होता.

"हो," मी म्हणालो.

का म्हणालो? म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नये म्हणून? तसं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण तसं नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यासमोर तो रिपोर्ट होता.

मग त्यांनी दुसरी गोष्ट विचारली. त्यांची धाकटी बहीण, व्हर्ना, दर गुरुवारी गावातून त्यांचं सामान घेऊन यायची. चौकाच्या भीतीने ती मागच्या कच्च्या रस्त्याने, बराच वळसा घालून यायची. मिस ओपल म्हणाल्या, "तुम्ही इंजिनियर आहात. आता तिला सरळ यायला सांगू ना?"

"सांगा," मी म्हणालो.

निघताना त्या असंही म्हणाल्या की आता सिग्नलची गरज नाही, अर्ज मागे घेते. मी मान डोलावली.

हेच ते. 'हो' आणि 'सांगा', हे दोन शब्द. यासाठी इतका वेळ घोटाळत होतो.

त्या दिवसांत तेलाचे भाव कोसळले होते. आमच्या शेजारचे बापट तेल कंपनीत इंजिनियर. त्यांना काढून टाकलं, आणि घराची किल्ली बँकेच्या हवाली करून ते निघायच्या तयारीत होते. एका संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी माझ्या रिपोर्टचं कौतुक सांगत होतो. बापट भाताचे घास नुसते इकडून तिकडे करत म्हणाले, "अपघात कमी होणारच, यार. तेलविहिरींवरच्या रिग बंद पडल्या. रस्त्यावर ट्रकच कुठे राहिलेत?" मी विषय बदलला. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. आमचं ग्रीन कार्ड व्हायचं होतं, मुलगी दोन वर्षांची होती, आणि खात्यात कोणाकोणाला काढणार याची कुजबुज चालू होती. हे सगळं खरं आहे. पण बापटांची नोकरी गेली आणि तरी त्यांनी कुणाला खोटं सांगितलं नाही, हेही खरं आहे.

रिपोर्ट मांडला. पहिल्या पानावर फोटो दुसऱ्या चौकातल्या खाचांचा, खाली नाव मिस ओपल यांच्या चौकाचं. बोर्डाने टाळ्या वाजवल्या. सिग्नलची मागणी असलेल्या आणखी चौकांतही खाचाच पाडायचं ठरलं. माझी नोकरी राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या शेतात पुन्हा मका आला. मी तो पाहिला होता. एकदा त्या बाजूने गेलो होतो, तेव्हा तो कमरेएवढा झाला होता, आणि मी गाडी न थांबवता पुढे गेलो.

एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला व्हर्ना सरळ रस्त्याने येत होती. आडव्या रस्त्याने एक पिकअप आला. त्यातला माणूस रात्रपाळी करून पेंगत घरी चालला होता. तो स्टॉपच्या पाटीशी थांबलाच नाही. मक्यामुळे दोघांना एकमेकांची गाडी दिसली नाही. पिकअपवाला वाचला. व्हर्ना जागच्या जागी गेली.

खाचा असत्या तर तो जागा झाला असता का? मला माहीत नाही. खाचांनी खरोखर किती फरक पडतो हे सांगू शकेल असा एक प्रामाणिक आकडा, त्या खाचा नसलेल्या चौकाचा, माझ्या हाती आला होता, आणि तो मीच पुसला होता.

वॉल्टरने नकाशावर टाचणी लावली आणि म्हणाला, "परत आलं." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तीन आठवड्यांनी मिस ओपल यांचं पत्र आलं. शाळेतल्या बाईंचं वळणदार अक्षर. मला वाटलं, दोष दिला असेल. छे. त्यांनी लिहिलं होतं की खाचा झिजल्या असाव्यात, कारण हल्ली त्यांना आवाज येईनासा झालाय. तेव्हा वेळ मिळाला तर पुन्हा पाडून घ्याव्यात — व्हर्नासाठी आता उपयोग नाही, पण इतरही लोक जातात.

मी पाडून घेतल्या. कागदावर 'दुरुस्ती' असं लिहिलं. दुरुस्ती! खाली सही माझी.

काम झाल्यावर त्यांना भेटायला गेलो. का गेलो? क्षमा मागायला नाही. तेवढं धैर्य नव्हतं. काम बघायला आलोय असं म्हणालो. आम्ही व्हरांड्यात बसलो. एक ट्रक आला आणि खाचांवरून गेला. घर्र असा एवढा मोठा आवाज झाला की खुर्चीचे हात माझ्या हाताखाली थरथरले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या शांतपणे शेताकडे बघत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून काही येत नाही."

मागून आणखी एक गाडी आली. पुन्हा तोच आवाज. मिस ओपल कान देऊन बसल्या होत्या, डोकं किंचित तिरकं करून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. माझं बोलणं त्यांना नीट ऐकू येत होतं. फाटकाची कडी वाजलेली ऐकू येत होती. मी ग्लास खाली ठेवला आणि तिथून अक्षरशः पळालो. पुन्हा कधी त्या रस्त्याला गेलो नाही. पुढे त्या घर सोडून भाच्याकडे राहायला गेल्या, एवढंच कानावर आलं.

त्यानंतरच्या वर्षी तो चौक पुन्हा शांत झाला. व्हायचाच होता.

मला बढती मिळाली. आम्ही प्लेनो या शहरात राहायला आलो. दशक संपत आलं तेव्हा मी इतर काउंट्यांच्या तरुण इंजिनियरांना खाचांबद्दल शिकवायला जायचो, प्रोजेक्टर आणि स्लाइड घेऊन. अशाच एका वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. नुकतीच कॉलेजातून आलेली असावी. तिने विचारलं की तुम्ही निवडलेले चौक सगळ्यात वाईट होते, ते आपोआपच सुधारले असतील तर? त्याच यादीतला, पण खाचा न पाडलेला असा एखादा चौक तुमच्याकडे होता का, तुलनेला?

खोलीत प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत होता. सगळे माझ्याकडे बघत होते.

"चांगला प्रश्न आहे," मी म्हणालो. "नव्हता."

तिने ते वहीत लिहून घेतलं. मी पुढची स्लाइड लावली.