पदराखालचे हात

अक्का ही माझ्या थोरल्या चुलत्यांची मुलगी. ती जन्मापासून बहिरी होती, त्यामुळे बोलतही नव्हती. गावात तिला सगळे मुकी म्हणत, तेही तिच्या तोंडावर. मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. वडील फौजेत असल्यामुळे मला पुण्यात लष्कर भागातल्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात ठेवलं होतं, आणि सुट्टीत मी गावी, मुठ्याला, चुलत्यांकडे यायची.

शाळेत मी कमी बोलायची, कारण इंग्रजी चुकायचं. गावातही कमीच, कारण माझ्या मराठीला मुली हसायच्या. अक्काशी मात्र मी तासन् तास बोलायची. आमच्या हातांच्या खुणा होत्या आणि त्यातल्या बहुतेक तिनंच केलेल्या होत्या. नाकाशी चिमूट म्हणजे तिची आई, माझी चुलती, नथीवरून. हवेत दोरी ओढली की एसटी, कंडक्टर घंटीची ओढतो तशी. मी म्हणजे गळ्याशी दोन बोटं, शाळेच्या टायची गाठ. एवढ्यावर ती मला सगळ्या गावाची खबर सांगायची. कुणाची शेळी व्याली, कोण कुणाशी बांधावरून भांडलं, भांडताना कुणाचं धोतर सुटलं.

माझ्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, हे खपत नसे. पाहुण्यांपुढे तिचे हात हलले की ते ओरडत, "माकडावानी काय हात नाचवतीया! झाक ते!" ओरडणं तिला ऐकू जात नसे, मग हातावर चापट बसे.

ती अठराची झाली तेव्हा तिच्यासाठी उरवड्याचं एक स्थळ आलं. माणूस विधुर होता, आबांपेक्षा थोडाच लहान. त्याच सुमाराला शाळेच्या वाचनालयात मी एका इंग्रजी वर्तमानपत्रात वाचलं की दिल्लीत देशभरच्या बहिऱ्यांची एक संघटना आहे. बहिऱ्या मुलांना हातांनी बोलू द्या, शाळेत त्यांचे हात बांधू नका, त्यांना कामं द्या, असं ती सरकारपुढे मांडत होती. पुण्यातही तिची माणसं होती आणि ती बहिऱ्या मुलींसाठी शिवणवर्ग चालवत. राहण्याची सोयही होती. मी कुणाला न विचारता पत्र लिहिलं. अक्काच्या खुणांविषयी त्यात दोन पानं लिहिली.

मे महिन्याच्या सुट्टीत मुठ्याच्या पत्त्यावर उत्तर आलं, इंग्रजीत टाइप केलेलं. ते आबांना वाचून दाखवायचं काम अर्थातच माझं. पुण्याचे चिटणीस स्वतः घरी येणार होते. ते बहिरे होते, पण त्यांच्या पत्नीला ऐकू येत होतं, म्हणून त्याही येणार होत्या. पुढे एक वाक्य होतं. शिकवणाऱ्या बाई बहिऱ्या असल्यामुळे जिला हातांनी बोलता येतं अशाच मुलीला घेता येईल, आणि तेवढंच पाहायला आम्ही येत आहोत.

ते वाक्य मी गाळलं.

तिथं दिवसभर हातच हलवतात असं कळलं असतं तर आबांनी पाहुण्यांना वाटेतूनच परत पाठवलं असतं. निदान मला तसं वाटलं. मी म्हणाले, "दिल्लीची संस्था आहे. शिवण शिकवतात. मुलीला भेटायला येणार आहेत."

"दिल्लीचं लोक? आन आपल्या पोरीसाटी?" आबा म्हणाले. पत्र त्यांनी देवापाशी ठेवलं.

शेजारची म्हातारी लगेच आली. "मुकीला भेटायला सायेब येत्यात म्हनं. आमाला ह्या वयात तलाठी बी ईचारत न्हाई."

"तुमी गप बसायला शिका, मग येईल तलाठी," चुलती म्हणाली. पण ती खूश होती. त्या दिवसापासून रोज दुपारी ती अक्काला चांगल्या घरच्या मुलीसारखं बसायला शिकवू लागली. मान खाली, नजर जमिनीवर, दोन्ही हात पदराखाली. गंमत म्हणजे, हात हलवायचे नाहीत हे ती हातांनीच समजावत होती. अक्का हसायची, मग मान खाली घालून बसून दाखवायची. कशासाठी हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. सांगितलं असतं तर आनंदानं तिचे हात थांबलेच नसते, आणि आबांना सगळं कळलं असतं. पाहुणे आले की बघू, असं मी रोज ठरवायची.

ते सकाळच्या एसटीनं आले. चिटणीस उंच होते, काळा कोट, बुटांवर धूळ. पत्नी ठेंगणी, पांढऱ्या सुती साडीत. चहा झाला. अक्का आतून आली, नऊवारीत, डोक्यावर पदर घेऊन, आणि शिकवल्याप्रमाणे बसली. तिच्या मागे चुलती उभी राहिली.

चिटणिसांनी हात वर करून काहीतरी विचारलं. अक्काची नजर सारवणावर होती. त्यांनी पुन्हा हात हलवले. मग बूट जमिनीवर दोनदा जोरात आपटला. बहिऱ्या माणसाला हाक मारायची ती रीत असणार. आमची मातीची जमीन, तिनं तो धक्का बहुतेक गिळला. तरी अक्काच्या पायाची बोटं हलली, मानही किंचित उचलली. चुलतीनं मागून तिला चिमटा काढला. मान पुन्हा खाली गेली.

"काय चुकलं का आमचं?" आबांनी बुटाकडे बघत विचारलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "पत्र तुम्हीच लिहिलं होतं ना? हातांनी पुष्कळ बोलते म्हणून?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला उठून अक्काच्या पुढ्यात बसायचं होतं, तिची हनुवटी वर करून गळ्याशी दोन बोटं न्यायची होती. बाकी तिनं केलं असतं. मी चहाच्या कपबश्या गोळा करू लागले.

"न्हाई न्हाई बाई," आबाच घाईनं म्हणाले. "आमची पोर तसलं काय करत न्हाई. लई गुणाची हाय."

बाईंनी ते नवऱ्याला हातांनी सांगितलं. ते थोडा वेळ अक्काकडे पाहत राहिले, मग उठले. आबांनी त्यांना तांदळाची पिशवी दिली. ती बाईंनी नको नको म्हणत घेतली.

मी दारापर्यंत गेले. अंगणात पोचल्यावर ती दोघं आपसांत बोलू लागली. त्यांचे हात भराभर चालले होते, मोठमोठे, भर उन्हात, कुणापासून काही लपवायचं नसल्यासारखे. माझ्या पाठीमागे कुणीतरी आलं. अक्का होती. पदर खांद्यावर पडला होता. एक कोटवाला मोठा माणूस हातांनी बोलतोय आणि त्याला कुणी चापट मारत नाही, हे ती तोंड उघडं ठेवून बघत होती. तिनं त्यांच्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या हातांकडे, मग माझ्याकडे. तळवा उलटा केला. त्याचा अर्थ, का?

ती दोघं कुंपणाबाहेर गेली. मला हाक मारता आली असती, बाईंना ऐकू येत होतं.

शाळा सुरू झाल्यावर मी संघटनेला सगळं खरं लिहिलं. उत्तर चांगलं होतं. त्यांना वाईट वाटलं होतं, पण या वर्षीच्या जागा भरल्या होत्या, पुढच्या वर्षी जरूर कळवा. त्याआधीच, मार्गशीर्षात, उरवड्याच्या त्या विधुराशी अक्काचं लग्न लागलं.

दोन वर्षांनी मी उरवड्याला गेले. सासू तिचं कौतुक करत होती, "लई शांत हाय तुमची भन." अक्का भिंतीला टेकून बसली होती, हात पदराखाली. सासू चहा टाकायला आत गेल्यावर मी गळ्याशी दोन बोटं नेली.

तिनं पाहिलं. मग मान खाली घातली आणि पदर नीट केला.