तांदळातलं नाव

सत्तरच्या दशकात माझं लग्न ठरलं, तेव्हा भाईंदरच्या घरात मला बसवत नव्हतं. मिठागरापर्यंत उगाच चकरा मारून यायचे. एकदा पेपरात वाचलं, मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणाऱ्या एका लहानशा ग्रहाला सापडल्यावर कितीतरी वर्षांनी नाव मिळालं. कक्षा पक्की कळल्याशिवाय म्हणे नाव देत नाहीत. पण एकदा दिलं की बदलत नाहीत. एका धोंड्याचा एवढा मान!

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सगळ्यांना दाखव म्हणून सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. मी ते जोरात हलवलं.

"अगं, नाव पुसलं ना!" आई ओरडली.

"मग जुनंच राहू दे," मी म्हटलं.